ठोसा जिथे बसतो

सीट शिवून झाली की तिच्यावर आधी मामा बसत.

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये असा काही नियम नव्हता. सीट शिवायची, लोखंडी सांगाड्यावर चढवायची, खालून चार स्क्रू आवळायचे आणि पुढची हातात घ्यायची, एवढंच काम. पण स्क्रू आवळण्याआधी मामा सीटवर बसत आणि डोळे मिटत. थोडे उजवीकडे कलत. थोडे डावीकडे कलत. कुठे टोचलं तर उठून शिवण उसवत. टोचलं नाही तर सीटखालच्या फळीवर पेन्सिलने एक बारीक फुली मारत. एकतीस वर्षांत त्यांच्या फुलीची एकही सीट परत आली नव्हती.

डेपोत त्यांना मास्तर म्हणत. नवा फोरमन पहिल्याच दिवशी म्हणाला, मास्तर, इथे झोपा काढायला येता काय? मामांनी त्याला दंडाला धरून एका सीटवर बसवलं आणि डोळे मिटायला लावले. आता तुला साडेतीन तास जायचंय, कंबर धरली आहे, मांडीवर पिशवी आहे, कुठे टोचतंय ते सांग, असं ते म्हणाले. फोरमन उजवीकडे कलला, डावीकडे कलला. मग हळूच म्हणाला, डावीकडे, मागच्या अंगाला. मामांनी तिथला टाका उसवला. आत काथ्याची गाठ निघाली. त्यानंतर फोरमनने झोपेचा विषय काढला नाही.

मामांचं लग्न राहून गेलं होतं. का राहिलं, हे त्यांना स्वतःलाही धड सांगता येत नसे. धाकटी बहीण आणि तिची मुलगी त्यांच्याकडेच राहत. बहिणीचा नवरा कामासाठी परदेशी गेला, तो फोनवरच उरला. बहीण इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर चादरी उकळायची आणि घरी येऊन सगळ्यांना फैलावर घ्यायची. भाची सतराची. तिने शिवणाचा क्लास अर्धा सोडला होता. कॉम्प्युटरचा क्लास पाव सोडला होता. घरात तिचं अर्ध्यावर टाकलेलं विणकाम होतं, अर्धवट रंगवलेलं स्टूल होतं, पंधराव्या पानावर उलटी घातलेली पुस्तकं होती. हिच्या हातात काही टिकत नाही, असं तिची आई म्हणे. मामा त्या स्टुलावर बसून बघत. स्टूल मात्र पक्कं होतं.

त्यांच्या इमारतीचे विजेचे मीटर जिन्याखाली होते. दर महिन्याला एक बाई ते बघायला यायच्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, गळ्यात टॉर्च अडकवलेल्या. सगळी वस्ती त्यांना मीटरताई म्हणायची. एका सकाळी मीटरच्या पुढ्यात कुणीतरी भरलेला गॅस सिलिंडर ठेवलेला होता. भाची नुकतीच जिना उतरून आली होती. तिने सिलिंडर दोन्ही हातांनी उचलला आणि तो खाली टेकवावा की नाही याचा विचार करत तशीच उभी राहिली. विचार बराच वेळ चालला. मीटरताई तिच्या मनगटांकडे बघत राहिल्या. त्या महिन्यात त्या घराचं रीडिंग चुकलं, ते त्यामुळे.

मीटरताई तरुणपणी बॉक्सिंग करायच्या. वस्तीत हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच दिवशी त्या संध्याकाळी घरी आल्या, मामांच्या हातचा चहा प्यायल्या आणि बोलायला लागल्या. पाणी खात्याच्या जुन्या गोदामात त्यांनी मुलींचा वर्ग सुरू केला होता. दिवसाला आपण दीडशे दारं बघतो, त्या म्हणाल्या. प्रत्येक जिन्यात एक तरी मुलगी अशी असते की जिला आपल्या अंगात काय आहे ते माहीत नसतं. मग त्यांनी मामांना एक गोष्ट सांगितली, ती मामा पुढे कित्येक दिवस मनात घोळवत होते. बाकीच्या खेळांत आपल्याकडच्या मुली उंचीला कमी पडतात, वजनाला कमी पडतात. बॉक्सिंगमध्ये अठ्ठेचाळीस किलोच्या मुलीसमोर अठ्ठेचाळीस किलोचीच मुलगी उभी करतात. लहानखुरं असणं हा इथे दोष नाही. तो एक गट आहे.

"आणि लागतं काय?" मीटरताई म्हणाल्या. "मैदान नको, गवत नको. एक खोली आणि चार दोर. आपल्याकडे सगळ्याची टंचाई असेल, खोलीत दाटीवाटीने उभं राहायच्या सवयीची नाही."

विशीत असताना त्या एकदा आजूबाजूच्या पाच देशांच्या सामन्यांना गेल्या होत्या. पाच देशांच्या मुली, भाषा पाच, पण सगळ्या एकाच चणीच्या, जणू एकाच आत्याच्या नाती. आणि ग्लोव्हजचे जोड सगळ्यांत मिळून चार. एकीची लढत संपली की तिच्या हातातले काढून दुसरीच्या हातात चढवायचे. मीटरताईंना आपली लढत फारशी आठवत नव्हती. ग्लोव्ह आतून गरम होता, हे आठवत होतं. समोरच्या देशातली मुलगी नुकतीच त्यातून हात काढून गेली होती.

मामांनी कप खाली ठेवला नाही. चहा निवून गेला.

भाची दुसऱ्या दिवशी गोदामात गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. महिना झाला, दोन झाले. आई रोज विचारायची, हे कधी सोडतेस? भाची पायातल्या बुटांच्या नाड्या बांधायची. मामांना घरात काहीतरी बदललेलं जाणवत होतं. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं. भाचीने स्टूल रंगवून पूर्ण केलं होतं.

अडचण वेगळीच होती. गोदाम आता इमारत खात्याकडे होतं. तिथल्या साहेबांनी ते सहा महिन्यांसाठी दिलं होतं आणि पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, सहा महिन्यांनी येऊन मुली मोजेन. वीस भरल्या तर गोदाम वर्गाला कायमचं. नाही भरल्या तर कुलूप. सुरुवातीला तीस आल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात बारा उरल्या.

"ठोशाला नाही भीत त्या," मीटरताई मामांना सांगत होत्या. "पहिल्या ठोशाला भितात. दुसऱ्याला कुणीच भीत नाही. पण दुसरा खायला थांबायला नको का?"

वर्गात सहा जोड ग्लोव्हज होते. कुठल्या तरी परदेशी क्लबने वापरून दान दिलेले, थोराड बाप्यांच्या मापाचे. मुलींनी आत हात घातला की बोटं घर शोधत फिरायची. मूठ आत वळायची नाही, ग्लोव्ह गोल फिरायचा आणि त्याची टणक कड समोरच्या मुलीच्या नाकावर जायची. एक चष्म्याची मुलगी होती, वर्गात तिला भिंग म्हणत. पहिल्याच आठवड्यात तिच्या नाकाचा घोळणा फुटला. ती दुसऱ्या दिवशी आली नाही. नंतरही आली नाही.

भाचीने एक फाटका ग्लोव्ह घरी आणला. तो मामांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, बघ ना मामा, शिवला जातो का. मामांनी तो शिवला नाही. आधी उसवला. थर एकेक करून वर्तमानपत्रावर मांडले. बाहेर टणक फोम, मग मध्यम, आणि अगदी आत, मुठीच्या हाडांपाशी मऊ. मामा चुकचुकले. नव्या कारागिराच्या हातून सीट उलटवताना हे असं होतं. मऊ थर आत जातो, टणक बाहेर येतो. परदेशातला झाला म्हणून काय झालं, चुकतो माणूस.

मीटरताईंनी विचारलं, मुलींच्या मापाचे करता येतील का? मामा म्हणाले, येतील. मग मीटरताई जाता जाता दारातून म्हणाल्या, "बाकी सगळं तुमच्यावर सोडते मामा. फक्त ठोसा जिथे बसतो, ती बाजू जपा."

त्यांना म्हणायचं होतं, मुठीची हाडं जपा. मामांनी ऐकलं ते 'बसतो'. आणि बसण्याच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. बसतो ती बाजू मऊ हवी. एकतीस वर्षं ते हेच करत आले होते.

फोरमनने जुन्या सीटचे तुकडे न्यायची परवानगी लिहून दिली, एरवी ते भट्टीतच जायचे. मामांनी मुठीचं माप कधी घेतलं नव्हतं. भाचीला समोर बसवून त्यांनी तिच्या मुठीभोवती दोरा गुंडाळला. ती घट्ट मूठ करी तेव्हा दोरा सैल पडे, मूठ सोडी तेव्हा तो रुते. मामांनी अकरा वेळा माप घेतलं. अकराव्या वेळी भाची म्हणाली, मामा, ब्लाउज शिवतोयस काय? जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी सहा दिवसांत एक जोड पुरा केला. निळं रेक्झिन, त्यावर बारीक पांढरी रेघ. आत हाडांपाशी दाबलेला काथ्या, त्यावर मध्यम फोम, आणि सगळ्यांत बाहेर, कातड्याखाली, रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाडीला लावतात तो मऊ फोम. मेण लावलेला दोरा, दुहेरी टाका.

गोदामात पाच वाजता मुली जमल्या होत्या. भिंतीला गंजक्या पाइपांचा ढीग, मधे चार खांबांना दोर बांधलेले, छतातून उन्हाच्या दोन तिरप्या पट्ट्या. निळे ग्लोव्हज बघून एकजण म्हणाली, अय्या, हातात बस घातली की काय. दुसरी म्हणाली, खिडकीची सीट मला. मीटरताईंनी एक ग्लोव्ह हातात चढवला. माप पाहून त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी लटकत्या बॅगेवर जोरात एक ठोसा मारला आणि हात झटकला.

त्यांनी ग्लोव्ह बाहेरून दाबला, आतून दाबला आणि मामांकडे बघितलं.

"मामा, हे उलटं झालं."

मामांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग त्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. ठोसा बसतो ती बाजू तुम्हीच म्हणालात. तो बसतो समोरच्याच्या तोंडावर. तिथे मऊ आहे. आधी कुणाला काही कळेना, मग एकदम सगळ्यांना कळलं आणि गोदामात हशा पिकला. भाचीसुद्धा हसली. मीटरताईंनी हसू आवरत खुलासा केला की ग्लोव्ह मारणाऱ्याच्या हातासाठी असतो, मार खाणाऱ्यासाठी नसतो.

मामा हसले नाहीत. त्यांचं काम परत आलं होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी खिशातली दाभण काढली आणि तिथेच उसवायला बसले. पहिल्या टाक्याखाली टोक घातलं आणि थांबले. अजून फुली नव्हती. न बसता आपण आजवर एकही सीट उसवलेली नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

ते उठले, भाचीकडे गेले आणि तिच्या हातात ग्लोव्हज चढवू लागले.

"मार," ते म्हणाले.

"कुणाला?"

"मला."

भाची मागे सरकली. "काहीतरीच काय, मामा."

"मी शिवलेल्यावर आधी मीच बसतो. ठाऊक आहे ना?"

"ही सीट नाहीये."

"म्हणून तर तुला सांगतोय. सीट असती तर बसलो असतो की."

भाचीने मीटरताईंकडे बघितलं. मीटरताईंनी बराच वेळ मामांकडे बघितलं. मग त्यांनी मामांच्या डोक्याला गार्ड बांधलं, हनुवटी खाली करायला लावली, तोंड मिटून घ्या म्हणून सांगितलं. निम्म्या जोराने, त्या भाचीला म्हणाल्या. आणि मामांना म्हणाल्या, डोळे उघडे ठेवा, इथला पहिला धडा तोच आहे.

"मिटल्याशिवाय मला कळत नाही," मामा म्हणाले. आणि त्यांनी डोळे मिटले.

कुणी हसत नव्हतं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. भाचीचा बूट फरशीवर घासल्याचा आवाज आला.

मग दार लागावं तसा एक आवाज त्यांच्या डोक्याच्या आत झाला. मान मागे गेली आणि परत आली. गालावर ऊब पसरली, कानापर्यंत गेली. आपला चेहरा एवढा मोठा आहे हे मामांना माहीत नव्हतं. पन्नाशी उलटून गेली, रोज दाढी करत होते, पण तो असा संपूर्ण, कडेपासून कडेपर्यंत, त्यांना कधी कळला नव्हता. आता दुखेल म्हणून ते थांबले. उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघावी तसे थांबले. गाडी आली नाही.

"लागलं?" भाचीने विचारलं.

मामांनी डोळे उघडले.

"लागलं नाही," ते म्हणाले. "बसलं."

आणि मग त्यांनी भाचीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, ओठ थरथरत होते. पण पाय जिथे रोवले होते तिथेच होते. हनुवटी खाली होती. डावा हात गालापाशी होता, उजवा परत जागेवर आला होता. ती रडवेली झाली होती आणि तरी तिच्या अंगाने काही सोडलं नव्हतं. आपण तशा उभ्या आहोत हे तिला माहीतही नव्हतं. ही पोर आपल्या घरात वाढली, हिचे दुधाचे दात आपण पाहिले, आणि ही आपल्याला आजच दिसली, असं मामांना वाटलं. ते तोंड किंचित उघडं ठेवून बघत राहिले.

भाचीने ग्लोव्ह काढला आणि उजव्या हाताची करंगळीकडची बाजू चोळली. "तुला नाही लागलं. मलाच लागलं."

मीटरताईंनी तिचा हात धरला, उलटासुलटा करून पाहिला. मनगट वाकलं होतं का, त्यांनी विचारलं. भाचीने मान डोलावली. मीटरताईंनी तिला परत ग्लोव्ह घालायला सांगितलं, मनगट सरळ ठेवून बॅगेवर मारायला लावलं. आता? आता नाही लागलं, भाची म्हणाली. मग पुन्हा वाकवून. लागलं. मीटरताई तिथेच दोराला टेकून उभ्या राहिल्या.

"चुकलं की मारणारीला कळतंय," त्या जणू स्वतःशीच म्हणाल्या. "आणि खाणारीला सोसतंय."

"उसवू का?" मामांनी विचारलं.

"हात लावू नका त्याला."

मामांनी पेन्सिल काढली आणि दोन्ही ग्लोव्हजच्या आत, मनगटापाशी, एकेक फुली मारली.

सामन्यांना हे चालायचे नाहीत, हे मीटरताईंनी त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. तिथे शिक्क्याचेच लागतात. पण नवी मुलगी आली की पहिले तीन महिने निळेच, असं त्यांनी ठरवलं. मामा आठवड्याला दोन जोड शिवू लागले. प्रत्येक मुलीच्या मुठीचं माप वेगळं, म्हणून प्रत्येक जोड वेगळा. आणि प्रत्येक जोडावर आधी मामा. जिच्यासाठी शिवला तिनेच त्यांना पहिला ठोसा मारायचा, मगच फुली. डोक्याला गार्ड, तोंड मिटलेलं, डोळेही मिटलेले. मीटरताईंनी त्यांच्या डोळ्यांचा नाद सोडून दिला.

मुली त्या ग्लोव्हजना सीट म्हणू लागल्या. नवी आली की विचारायच्या, सीट मिळाली का गं? तीन महिने झालेली जुन्या ग्लोव्हजवर गेली की म्हणायच्या, ती उठली आता, ती उभ्याने जाणार. आणि सगळ्याजणी त्यांना मामा म्हणू लागल्या. एक भाची होती, त्यांच्या सतरा झाल्या.

घरी बहिणीने मामांचा गाल बघितला. कुणी विचारायच्या आत भाचीने सगळं सांगून टाकलं. बहीण म्हणाली, दादा, तुला मारच खायचा होता तर घरात सांगायचं होतंस, मी काय मेले होते? पण दुसऱ्या दिवशी तिने इस्पितळातून बाद झालेल्या चादरींच्या पट्ट्या कापून आणल्या, मुलींच्या हाताला गुंडाळायला. त्या उकळून, इस्त्री करून, गुंडाळ्या करून दिल्या. 

डेपोत फोरमनने विचारलं, मास्तर, गालाला काय झालं? मामा म्हणाले, तपासणी चालू आहे.

खरं सांगायचं तर मामांना हे सगळं कुणाला सांगता येत नव्हतं. आजवर त्यांनी जे शिवलं त्यावर माणसं झोपली होती. ती डोळे मिटायची, मान टाकायची, आपल्या खाली काय आहे हे विसरायची, आणि ती विसरली की मामांचं काम चांगलं झालेलं असायचं. इथे उलट होतं. मुलगी समोर उभी राही, मूठ उचलताना तिचा श्वास अडके. मग ठोसा बसे. मामा डोळे उघडत, आणि दर वेळी समोर दुसरीच कुणीतरी असे. तेच कपडे, त्याच वेण्या. पण चेहऱ्यावर कुणीतरी दिवा लावलेला. हे कुठून येतं? त्यांनी शिवलेल्या काथ्यात आणि फोममध्ये तर ते नव्हतं. एवढं या पोरींच्या आत होतं आणि त्या इतकी वर्षं जिने चढत होत्या, पाणी भरत होत्या, बसमध्ये कोपऱ्यात अंग चोरून उभ्या राहत होत्या.

भिंग परत आली नव्हती. पण मामांनी तिला पाहिलं होतं. गोदामासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. दर शनिवारी ती तिथे उभी असे, हातात एखादा कागद घेऊन, आणि कागदाकडे न बघता गोदामाच्या दाराकडे बघे. मामा तिच्याशी एकदाही बोलले नाहीत. लांबूनच त्यांनी तिची कागद धरलेली मूठ पाहिली आणि अंदाजाने एक जोड शिवला. तो पिशवीत ठेवला. आत फुली नव्हती. पिशवी रोज जायची, रोज परत यायची.

सहा महिने भरले त्या शनिवारी इमारत खात्याचे साहेब आले. शांत माणूस होता, हातात कागद लावलेली पाटी आणि पेन. पटावर बावीस मुली होत्या. पण दोघी तापाने पडल्या होत्या आणि एक आजोळी गेली होती. साहेबांनी बोट दाखवत मोजलं. मग परत मोजलं.

"एकोणीस," ते म्हणाले.

मीटरताईंनी तिघींचं कारण सांगितलं, पट दाखवला. साहेबांनी तो वाचलाही. पण मला जेवढ्या दिसतात तेवढ्याच लिहिता येतात, असं ते म्हणाले आणि त्यांना स्वतःलाही ते आवडलं नसावं. मीटरताईंनी पाइपांपाशी उभ्या असलेल्या मामांकडे बोट केलं. हेही रोज येतात, यांना विसावे धरा. साहेबांनी मामांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. हे काय शिकतात, त्यांनी विचारलं.

"मार खायला," मामा म्हणाले.

साहेब हसले. पण पत्रात मुली असं लिहिलं होतं. ते पेनचं टोपण काढू लागले. भाची दोर धरून उभी होती. दोर धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती. मामांनी ती पाहिली. मग त्यांनी पिशवी उचलली आणि ते दारात गेले.

भिंग झेरॉक्सच्या दुकानापाशी होती. मामांनी तिला हाक मारली नाही. त्यांनी पिशवीतून निळा जोड काढला आणि रस्त्याच्या या बाजूला, उन्हात, नुसता धरून उभे राहिले. ती थोडा वेळ तशीच होती. मग रस्ता ओलांडून आली.

"कुणाचे?" तिने विचारलं.

"तुझे. पण अजून पुरे नाहीत." मामांनी ग्लोव्ह उघडून आतली रिकामी जागा दाखवली. "कुणीतरी मला मारल्याशिवाय मला फुली मारता येत नाही."

ती आत आली. साहेब पेन हातात धरून बघत राहिले. भिंगने चष्मा काढला आणि तो कुठे ठेवावा हे कळेना म्हणून मामांकडे दिला. मामांनी तो शर्टाच्या खिशात टाकला, दाभणीशेजारी. ग्लोव्हज चढवले. बसले. अंदाजाने घेतलेलं माप, तरी बसले. मामांनी स्वतःला गार्ड बांधलं आणि डोळे मिटले.

पहिला ठोसा त्यांच्या कानापाशी वारा घालून गेला. बसला नाही, मामा म्हणाले. दुसरा खांद्यावर आला. बसला नाही. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मामांना तिचा श्वास ऐकू येत होता. आणि मग त्यांचा चेहरा पुन्हा एकदा कडेपासून कडेपर्यंत त्यांना कळला.

त्यांनी डोळे उघडले. ते काही बोलायच्या आत भिंग मीटरताईंकडे वळून म्हणाली, "आता मला."

मीटरताईंनी तिला गार्ड बांधलं. भाचीने निळे चढवले आणि समोर उभी राहिली. गोदामात एकाही मुलीची हालचाल नव्हती.  चष्म्याशिवाय भिंगला समोरचं सगळं धूसर दिसत असणार. एक निळा गोळा येताना दिसेल, एवढंच. तरी तिने डोळे मिटले नाहीत. मामांनी आजवर प्रत्येक वेळी मिटले होते. तिने मिटले नाहीत.

भाचीचा डावा ठोसा सरळ गेला. भिंगची मान मागे गेली. नाकावर मार बसला की येतं तसं पाणी तिच्या दोन्ही डोळ्यांतून घळकन आलं. ती उभी राहिली. ती कशाची तरी वाट बघत होती. मामांनी ती वाट ओळखली. दोन क्षण गेले, तीन गेले.

"एवढंच?" भिंग म्हणाली.

मीटरताईंनी चेहरा पाइपांकडे वळवला. जरा वेळाने त्या म्हणाल्या, उद्यापासून एवढंच नसेल.  साहेबांनी पाटीवरचा एकोणीसचा आकडा खोडला, वीस लिहिलं आणि शेजारी सही केली. भाचीने ग्लोव्हज काढले. तिच्या तळहातावर मघाच्या दोराचे पीळ अजून होते.

मामांनी पेन्सिल काढली. फुली वाकडी आली. 

ते लवकर निघाले. कोपऱ्यावर बस पकडली. संध्याकाळचं ऊन अजून होतं आणि गाडी निम्मी रिकामी होती. तिसऱ्या रांगेतली सीट त्यांचीच होती, ते शिवणीवरून कळत होतं. मामा बसले, पाठ टेकली, डोळे मिटले.

टोचलं.

ते दचकून उठले. त्यांच्या फुलीची सीट आणि टोचलं. त्यांनी रेक्झिनवरून हात फिरवला, कड दाबून पाहिली, वाकून खालची फळी पाहिली. फुली होती. मग त्यांचा हात छातीपाशी गेला. खिशात भिंगचा चष्मा होता, त्याची काडी फासळीत रुतली होती.

मामा पुढच्या थांब्यावर उतरले आणि चालत परत गेले. तिला आता घर कसं सापडेल, या विचाराने शेवटी शेवटी ते जवळजवळ धावलेच. ती दारात उभी असेल, चाचपडत असेल, रडकुंडीला आली असेल.

ती दारात नव्हती. ती दोरांच्या आत होती. समोर दुसरी मुलगी होती, मीटरताई बाजूला उभ्या राहून पायांकडे लक्ष दे, पायांकडे, म्हणत होत्या, आणि भिंग गालापाशी निळे हात धरून गोल फिरत होती. चष्मा नाही, हे तिच्या अजून लक्षातच आलं नव्हतं.

मामा चष्मा हातात धरून दारातच थांबले.